एल्कसाठी रायफलचे कॅलिबर निवडताना : फेब्रुवारी ते नोव्हेंबर 2025 च्या नोंदी

अमेरिकेतल्या कॉलोरॅडोत राहणाऱ्या आणि पहिल्यांदाच एल्कच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला निघणाऱ्या मराठी माणसांना उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची वाट बंद झाली आणि ती योग्यच झाली. पण त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात या विषयाची ऐकीव माहितीसुद्धा उरलेली नाही. माझी शिदोरी म्हणजे कोल्हापुरात कॉलेजात असताना एनसीसीच्या शिबिरांत पोटावर झोपून .22 रायफलने झाडलेल्या गोळ्या, एवढीच होती. माझी उंची पाच फूट एक इंच आणि वजन 54 किलो आहे. हे दोन आकडे पुढे फार महत्त्वाचे ठरले, म्हणून सुरुवातीलाच देते.

9 फेब्रुवारी 2025

हंटर एज्युकेशनचे कार्ड मिळाले. 1 जानेवारी 1949 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही कॉलोरॅडोत या प्रशिक्षणाशिवाय शिकारीचा परवाना मिळत नाही. मादी एल्कच्या परवान्यासाठी एप्रिलच्या सुरुवातीला सोडतीत अर्ज करायचा आहे आणि हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी आहे, त्यामुळे रायफल घेऊन सराव करायला आठ महिने हाताशी आहेत असे गृहीत धरले.

एल्कसाठी किमान 0.24 इंच व्यासाची (हा व्यास म्हणजे कॅलिबर), निदान 85 ग्रेन (गोळीचे वजन मोजायचे छोटे एकक) वजनाची आणि आत शिरल्यावर पसरणारी गोळी हवी, आणि 100 यार्डांवर तिच्यात निदान 1000 फूट-पाउंड ऊर्जा उरायला हवी, असे राज्याचा नियम सांगतो. या नियमात लहान .243 विंचेस्टरपासून मोठ्या .338 विंचेस्टर मॅग्नमपर्यंत सगळीच काडतुसे बसतात, त्यामुळे निवड करायला त्याचा काही उपयोग झाला नाही. मादी एल्क साधारण सव्वादोनशे किलोची, तर नर तीनशेच्या पुढे जातो, एवढे वाचून मी मनाशी ठरवून टाकले की जनावर मोठे आहे तर काडतूसही मोठेच घ्यावे. पुढचे तीन महिने मी या एका वाक्यापायी घालवले.

1 मार्च

.300 विंचेस्टर मॅग्नम घेतली. नवी रायफल 780 डॉलर, तिच्यावर बसवायची 3-9 पटीची दुर्बीण, म्हणजे स्कोप, 260 डॉलर. ग्रीन कार्ड असल्यामुळे खरेदीत अडचण आली नाही. संघराज्याचा 4473 क्रमांकाचा अर्ज भरला आणि पार्श्वभूमीची तपासणी झाली. ऑक्टोबर 2023 पासून इथे तीन दिवस थांबल्याशिवाय बंदूक ताब्यात मिळत नाही, त्यामुळे ती मंगळवारी घरी आली.

दुकानात मी ती एकदा खांद्याला लावून पाहिली, जड जाकीट अंगात असताना, उभ्याने, जेमतेम अर्धा मिनिट. स्कोपमधून नीट दिसण्यासाठी मान पुढे ताणावी लागत होती. ते मला जाणवले होते, पण सवयीने जमेल असे समजून सोडून दिले.

6 मार्च

पहिली सरळ पैशाची चूक. .300 विंचेस्टर शॉर्ट मॅग्नमच्या दोन पेट्या आणल्या, कारण पेटीवर .300 आणि मॅग्नम हे दोन शब्द दिसले आणि मधला शब्द मी वाचलाच नाही. ही वेगळी, आखूड आणि जाड काडतुसे आहेत. विंचेस्टर मॅग्नमच्या कक्षात ती बसत नाहीत आणि कुठलेही काडतूस बसत नसेल तर ते दाबून बसवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. एकदा विकलेली काडतुसे दुकाने परत घेत नाहीत. 116 डॉलर गेले. तेव्हापासून नळीवर कोरलेले नाव आणि काडतुसाच्या बुडावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहण्याचा नियम घरात केला आहे.

15 मार्च

नेमबाजीच्या मैदानावर पहिला दिवस. मेजावर वाळूच्या पिशव्या, 100 यार्ड, 180 ग्रेनची गोळी. पहिल्या गोळीला स्कोपची कड उजव्या भुवईच्या वर लागली आणि रक्त आले. पट्टी लावून आणखी अकरा गोळ्या झाडल्या, जे करायला नको होते. सर्वांत चांगला तीन गोळ्यांचा गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, साडेपाच इंचांचा आला आणि शेवटचा कागदाच्या बाहेरच गेला.

दुसऱ्या दिवशी खांद्यावर तळहाताएवढा निळा डाग होता. मला तो डाग फारसा महत्त्वाचा वाटला नाही, आणि सराव वाढवला की गट आपोआप लहान होतील असे समजून पुढच्या दोन आठवड्यांत आणखी 31 गोळ्या झाडल्या. गट लहान झाले नाहीत. उलट सगळ्या गोळ्या खाली आणि डावीकडे जाऊ लागल्या, म्हणून मी स्कोपचे क्लिक फिरवत बसले आणि त्यामुळे नेमका दोष कुठे आहे हे समजायला आणखी उशीर झाला.

6 एप्रिल

धाकटे दीर डेन्व्हरहून आले होते; ते दहा वर्षे शिकार करत आहेत. त्यांनी रायफल हातात घेतली, माझ्याकडे पाठ करून ती भरली आणि पुन्हा माझ्या हाती दिली. कधी आत खरे काडतूस असे, कधी नुसता पोकळ सांगाडा, आणि कोणते आहे ते मला सांगायचे नाही. तिसऱ्या वेळी चाप ओढला तेव्हा फक्त टिक् असा आवाज झाला आणि नळी मात्र चांगली दीड-दोन इंच खाली झुकली. कोणताही धक्का बसलेला नसताना माझ्याच हातांनी ती खाली ढकलली होती. ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही चाप ओढायच्या आधीच डोळे मिटताय.”

दहा वेळा केले, त्यांतल्या सात वेळा नळी हलली. म्हणजे स्कोप बरोबर होता, रायफल बरोबर होती, आणि 43 गोळ्यांमध्ये मी शरीराला दचकायला पद्धतशीर शिकवले होते. ही युक्ती पहिल्याच दिवशी करून पाहिली असती तर 31 गोळ्या आणि पंधरा दिवस वाचले असते. एकट्याने करायची झाली तर डोळे मिटून पाच काडतुसांत दोन सांगाडे मिसळावेत आणि न पाहता भरावेत; तेवढ्यानेही काम होते.

13 एप्रिल

धक्क्याचा हिशोब मांडला. गोळीचे वजन, तिचा वेग, दारूचे वजन आणि रायफलचे वजन एवढे घातले की आकडा निघतो. स्कोपसकट आठ पाउंडांची रायफल धरली तर .300 विंचेस्टर मॅग्नमचा धक्का सुमारे 27 फूट-पाउंड येतो, .30-06 चा 20, .270 विंचेस्टरचा 17, .308 विंचेस्टरचा साडेपंधरा आणि 6.5 क्रीडमोरचा 12. आकडे समोर आल्यावर कळले की मी सर्वांत वरच्या टोकापासून सुरुवात केली होती.

शेजारच्या आजोबांनी नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक बसवण्याचा पर्याय सांगितला. त्याने धक्का बराच कमी होतो, परंतु आवाज बाजूंना आणि मागे फेकला जातो, आणि रानात नेम धरताना कानांवर संरक्षण असेलच याची खात्री देता येत नाही. माझ्याबरोबर शेजारी बसलेल्या माणसाच्या कानांचाही प्रश्न आहे. म्हणून तो नाकारला. रायफल उरलेल्या काडतुसांसकट 560 डॉलरना दुकानात विकली, स्कोप काढून ठेवला. रायफलमागे 220 डॉलरचे नुकसान.

मग पंधरा दिवस एकही मोठी गोळी झाडायची नाही असे ठरवले. आजोबांची .22 रायफल घेऊन रोज संध्याकाळी घरात रिकामा चाप ओढायचा आणि शनिवारी मैदानावर 50 गोळ्या. नळी हलायची थांबायला प्रत्यक्षात पंधरा दिवस नव्हे, चार आठवडे लागले.

11 मे

चार रायफली उसन्या घेऊन एकाच दिवशी तुलना केली: आजोबांच्या .30-06 आणि .270, दिरांच्या .308 आणि 6.5 क्रीडमोर. या वेळी मेज वापरले नाही, कारण रानात मेज नसते. जमिनीवर बसून, गुडघ्यांवर कोपर टेकून, पुढे दोन काठ्यांच्या कैचीचा आधार घेऊन नऊ इंचांच्या कागदी ताटलीवर प्रत्येकीच्या दहा गोळ्या झाडल्या. थकवा एकाच रायफलच्या वाट्याला येऊ नये म्हणून दोन-दोन गोळ्यांनंतर रायफल बदलली.

6.5 क्रीडमोरच्या दहाही गोळ्या ताटलीत, पाच इंचांच्या आत. .308 च्या दहाही ताटलीत, साडेसहा इंचांत. .270 च्या नऊ. .30-06 च्या सात, आणि चुकलेल्या तिन्ही गोळ्या शेवटच्या चारांतल्या होत्या, म्हणजे दचकणे परतायला लागले होते. .30-06 हे 1906 पासून चालत आलेले काडतूस आहे आणि अमेरिकेत एल्कसाठी त्याच्याइतके भरवशाचे नाव दुसरे क्वचितच घेतले जाते; तरीही माझ्या खांद्याला 20 फूट-पाउंड ही हद्द पडते आहे हे कागदावर दिसले, तेव्हा त्याचा विचार सोडला.

.270 बद्दल दोन शब्द लिहायला हवेत, कारण या निवडीचा वाद इथे जुना आहे. शिकार आणि बंदुकांवर लिहिणारे जॅक ओ'कॉनर यांनी आयुष्यभर .270 ची बाजू मांडली, तर तसेच दुसरे लेखक एल्मर कीथ यांनी जड आणि जाड गोळीचा आग्रह कधी सोडला नाही. आजोबा ओ'कॉनर यांच्या पक्षाचे आहेत आणि त्यांनी याच .270 ने कित्येक एल्क मारले आहेत. माझे म्हणणे इतकेच की त्या वादात दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे धक्क्याला सरावलेली होती. नवख्या माणसाला त्यांचे निष्कर्ष तसेच्या तसे लागू पडत नाहीत.

25 मे

या प्रकल्पातली सर्वांत मोलाची गोष्ट आज योगायोगाने कळली. आजोबांचा चौदा वर्षांचा नातू आपली 7 एमएम-08 रेमिंग्टन घेऊन मैदानावर आला होता. त्याची रायफल जेमतेम साडेसहा पाउंडांची, म्हणजे उसन्या घेतलेल्या सगळ्या रायफलींहून हलकी, आणि हिशोबाने तिचा धक्का .308 हून जास्तच जाणवायला हवा होता. मी पाच गोळ्या झाडल्या आणि खांद्याला काही विशेष झाले नाही. पाचही गोळ्या साडेचार इंचांत होत्या.

फरक दस्त्यात होता. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर बाजारातल्या बहुतेक रायफलींना साधारण पावणेचौदा इंच असते. मुलासाठी त्याच्या रायफलचा दस्ता कापून साडेबारा इंच केलेला होता. लांब दस्त्यामुळे मला तो खांद्याच्या खळगीत नीट न बसवता दंडाकडे सरकवावा लागत होता, डावा हात पूर्ण ताणला जाई, आणि स्कोपमधले चित्र पूर्ण दिसावे म्हणून मान पुढे काढावी लागे. खांदा मागे आणि कपाळ पुढे अशा अवस्थेत धक्का बसला की तो हाडावर बसतो आणि स्कोप भुवईवर येतो. भुवईवरची खूण त्याच मापाची आहे.

मग प्रश्न उरतोच की .300 चा दस्ता कापून घेतला असता तर ती मला झेपली असती का. कदाचित आजच्याहून बरी झेपली असती, पण 27 चे 20 झाले नसते, आणि मला 20 सुद्धा टिकले नाहीत. तो निर्णय बदलावा असे वाटत नाही. मात्र पहिल्या दिवशी टेप घेऊन दस्ता मोजला असता तर कॅलिबरबद्दलचे माझे पहिले मत इतक्या चुकीच्या पायावर उभे राहिले नसते. बुटक्या बांध्याच्या कोणीही, बाई असो वा पुरुष, कॅलिबरची चर्चा सुरू करण्याआधी कोपर काटकोनात वाकवून, दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवून पाहावे. बोटाचे पहिले पेर चापापर्यंत सहज पोचत नसेल तर ती रायफल अजून आपली झालेली नाही.

8 जून

सोडतीत परवाना लागला: मादी एल्क, दुसरा रायफल हंगाम, उत्तर कॉलोरॅडोतले नॉर्थ पार्क हे उंचावरचे खोरे.

आता निवड 6.5 क्रीडमोर आणि .308 या दोघांतच होती, आणि ती माझ्यासाठी अवघड होती. नेम 6.5 चा चांगला, धक्का कमी, वाऱ्याने गोळी कमी वाहते. तिच्यात जोर कमी पडतो असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की स्वीडनमध्ये त्याच व्यासाच्या 6.5×55 काडतुसाने शंभराहून अधिक वर्षे मूस (हरणांच्या कुळातले सर्वांत मोठे जनावर) मारले जात आहेत, आणि मूस एल्कहून मोठा असतो. तरीही मी .308 कडे वळले, त्याला तीन कारणे होती. सरावाची काडतुसे .308 मध्ये सर्वत्र आणि स्वस्त मिळतात, वीसची पेटी मला 23 डॉलरला मिळाली, आणि मला सर्वाधिक गरज सरावाचीच होती. दुसरे, माझा नेम ठरल्या जागेपासून दोन-तीन इंच चुकला तर थोडी जाड आणि जड गोळी बरी, असे माझे मत आहे; ते मी सिद्ध करू शकत नाही. तिसरे कारण अगदी साधे: गावातल्याच एका गृहस्थांची लाकडी दस्त्याची जुनी .308 विकाऊ होती आणि लाकडी दस्ता कापणे सोपे असते.

22 जून

रायफल 540 डॉलरला घेतली. व्यवहार परवानाधारक दुकानातूनच केला, कारण इथे खासगी विक्रीलाही तपासणी लागते. बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराने दस्ता सव्वा इंच कापून मागे नवी रबरी गादी बसवली, 85 डॉलर. स्कोप ज्यांवर बसतो ते नवे बेस 38 डॉलर. स्कोप अर्धा इंच पुढे सरकवला. आता डोळे मिटून रायफल खांद्याला लावली आणि मग डोळे उघडले तरी चित्र पूर्ण गोल दिसते. मान ताणावी लागत नाही.

13 ते 27 जुलै

गोळी निवडण्यात दोन आठवडे गेले. आधी 165 ग्रेनची शिशाच्या गाभ्याची नेहमीची शिकारी गोळी घेतली, दोन पेट्या, 88 डॉलर. तीन-तीन गोळ्यांचे गट दोन ते अडीच इंच येत होते, जे चालण्याजोगे होते. पण घरात दोन मुले आहेत, शिशाची गोळी हाडावर फुटली की तिचे बारीक कण मांसात दूरवर विखुरतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून संपूर्ण तांब्याची 150 ग्रेनची गोळी घ्यायचे ठरवले. तांब्याची गोळी फुटत नाही, तोंडाशी चार पाकळ्यांसारखी उघडते आणि वजन जवळजवळ पूर्ण टिकवते, त्यामुळे 165 वरून 150 वर येण्याची भीती वाटली नाही. वीसची पेटी 52 डॉलर.

पहिल्या दिवशी तांब्याच्या गोळ्यांचा गट तीन इंचांहून मोठा आला. मी पेटीला दोष देऊन दुसऱ्या कंपनीची काडतुसे शोधायला निघाले होते. आजोबांनी अडवले आणि आधी नळी साफ करायला लावली. आधीच्या गोळ्यांच्या आवरणाचा थर नळीत साचलेला होता. तांबे विरघळवणाऱ्या द्रावणाने चिंध्या निळ्या निघायच्या थांबेपर्यंत, म्हणजे जवळपास दोन तास, नळी घासली. नंतर पाच-सहा गोळ्या गेल्यावर गट स्थिरावला आणि सव्वा ते दीड इंचांवर आला. तीच रायफल, तीच पेटी. गोळीचा प्रकार बदलताना नळी स्वच्छ करावी आणि पहिल्या काही गोळ्यांवरून मत बनवू नये.

200 यार्डांवर झिरो केले, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमल्या जागी बसेल असा स्कोप लावला.

24 ऑगस्ट

नेम अचानक बिघडला. मागच्या रविवारी 200 यार्डांवर मधोमध बसणाऱ्या गोळ्या आज सात इंच उजवीकडे. दचकणे परतले या समजुतीने घाबरून सांगाड्यांची परीक्षा पुन्हा केली. नळी हलली नाही. मग वाऱ्याला, मग काडतुसांना दोष दिला आणि 27 गोळ्या वाया घालवल्या. शेवटी स्कोपला हात लावून पाहिला तर पुढच्या रिंगचा एक स्क्रू बोटाने फिरत होता. खडबडीत कच्च्या रस्त्यावर तीस मैल गाडी हाकल्याने तो सैल झाला होता. सगळे स्क्रू काढून, पुसून, इंच-पाउंड मोजणाऱ्या पान्याने ठरल्या मापाला घट्ट केले, आणि स्क्रूपासून रिंगपर्यंत नखपॉलिशची बारीक रेघ ओढली; रेघ तुटली की स्क्रू हलला हे लगेच दिसते.

21 सप्टेंबर

किती अंतरापर्यंत गोळी झाडायची ते आज ठरवले. नॉर्थ पार्कच्या उंचीवर, म्हणजे आठ हजार फुटांच्या वर, हवा विरळ असल्याने या गोळीचा वेग 300 यार्डांवरही सेकंदाला 2200 फुटांच्या वर राहतो, आणि तांब्याची गोळी नीट उघडण्यासाठी मी 2000 ची मर्यादा धरली आहे. म्हणजे काडतुसाच्या बाजूने 300 यार्डांना हरकत नव्हती. अडचण माझ्या बाजूने आली. बसून, काठ्यांच्या आधाराने, आधी शंभर पावले चढावर पळून धाप लागलेली असताना 200 यार्डांवर ताटलीत दहापैकी नऊ गोळ्या गेल्या, 250 वर आठ, 300 वर पाच. आडवा वारा होता आणि तो मला वाचता आला नाही.

म्हणून वारा नसेल तर 250 आणि असेल तर 200, ही हद्द कागदावर लिहून दस्त्याला चिकटवली. ही हद्द लिहिल्यावर आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली: मॅग्नम काडतुसांचा खरा फायदा या अंतराच्या पलीकडे सुरू होतो. फेब्रुवारीत मी 780 डॉलर ज्या अंतरासाठी मोजायला निघाले होते, त्या अंतरावर मी गोळी झाडणारच नव्हते.

26 ऑक्टोबर, नॉर्थ पार्क

काल हंगाम सुरू झाला. वॉल्डनच्या पश्चिमेला राउट राष्ट्रीय वनाच्या कडेला दीर, आजोबा आणि मी असा तिघांचा तंबू. पहाटे उणे नऊ अंश. अंगावर नियमाप्रमाणे 500 चौरस इंच झगझगीत नारिंगी कापड आणि तशीच टोपी.

संध्याकाळी ओढ्याकाठच्या विलोच्या झुडपांत 150 यार्डांवर एक एकटे, मोठे, तपकिरी जनावर दिसले. शिंगे नव्हती. रायफल काठ्यांवर ठेवली होती, पण दुर्बिणीतून पाहिल्यावर मागचा फिकट पांढुरका डाग दिसेना आणि तोंड लांब, खाली झुकलेले वाटले. ती मादी मूस होती. नॉर्थ पार्कमध्ये 1978 पासून मूस आणून सोडलेले आहेत आणि आता ते इथे भरपूर आहेत. मादी एल्क समजून मूस मारला जाण्याचे प्रकार घडतात. स्कोपमधून जनावर ओळखण्याचा प्रयत्न करू नये. त्यासाठी दुर्बीणच हातात घ्यावी.

28 ऑक्टोबर

सकाळी 7 वाजून 40 मिनिटे. अॅस्पेनच्या झाडांच्या कडेने अकरा माद्या आणि पिल्ले वर चढत होती. अंतर 187 यार्ड, वारा जवळजवळ नव्हता. मी बसलेली, काठ्या रोवलेल्या, कोपर गुडघ्यांवर. निवडलेली मादी आडवी उभी होती, पण तिच्या मागे दुसरी उभी होती, आणि तांब्याची गोळी आरपार जाण्याची शक्यता असल्याने चार मिनिटे थांबावे लागले. मागची पुढे सरकली तेव्हा चाप ओढला.

धक्का जाणवला नाही. काडतूस बदलणारा बोल्ट हाताने आपोआप मागेपुढे केला. हे जुलै-ऑगस्टच्या सरावाचे फळ होते. मादीने पाठ वाकवली, चाळीसेक पावले चालली आणि तिरपी उभी राहिली. एल्क उभा असेतो गोळी झाडत राहायची हे आजोबांनी बजावलेले असल्याने लगेच दुसरी झाडली आणि ती बसली. जवळ जाऊन वीस मिनिटांनी खात्री केली. पहिली गोळी कोपराच्या मागे चार बोटे शिरून दोन्ही फुप्फुसांतून पलीकडे निघून गेली होती. बाहेर पडल्याचे भोक लहान होते, आणि पहिल्या वीस पावलांत बर्फावर रक्ताचा थेंबही नव्हता. बर्फात खुरांचे ठसे नसते तर माग काढायला वेळ लागला असता. तांब्याच्या गोळीची ही बाजू आधी माहीत असावी.

दुसरी गोळी पलीकडच्या खांद्याच्या कातडीखाली सापडली. पुसून हातात घेतली तेव्हा चारही पाकळ्या मागे वळलेल्या होत्या आणि एका पाकळीच्या टोकाला हाडाची कपची अडकलेली होती. आजोबांच्या काट्यावर तिचे वजन 148.6 ग्रेन भरले.

परवान्याची चिठ्ठी लगेच लावली, लिंगाची खूण मांसाला चिकटलेलीच ठेवली. तिघांनी मिळून चार खेपांत दीड मैल चालत सगळे मांस गाडीपर्यंत आणले. हाडे काढून 168 पाउंड भरले. शेवटची खेप अंधारात झाली. खांद्याभोवतीचे मांस शिशाच्या गोळीने होते तसे रक्ताळून वाया गेलेले नव्हते, जेमतेम दोन मुठी कापून टाकावे लागले.

23 नोव्हेंबर

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज या हरणांना होणाऱ्या मेंदूच्या रोगाच्या तपासणीसाठी दिलेल्या नमुन्याचा निकाल आला. रोग आढळला नाही. तोपर्यंत मांस फ्रीजरमध्येच ठेवले होते.

खर्चाचा हिशोब असा. उपयोगी पडलेला खर्च: रायफल 540, दस्ता 85, स्कोप 260, बेस 38, शिशाच्या गोळ्या 88, सरावाची 13 पेट्या काडतुसे 299, तांब्याच्या सहा पेट्या 312, एकूण 1622 डॉलर. वाया गेलेला: .300 च्या विक्रीतले 220, चुकीची काडतुसे 116 आणि .300 च्या तीन पेट्या 174. एकूण 510 डॉलर. परवाना, मैदानाचे शुल्क आणि पेट्रोल यात धरलेले नाही. वेळेत सांगायचे तर मार्च, एप्रिल आणि अर्धा मे.

तांब्याची 31 काडतुसे शिल्लक आहेत. पुढच्या वर्षी त्याच प्रकारची मिळावीत म्हणून पेटीवरचा लॉट क्रमांक लिहून ठेवला आहे. दस्त्याची कापलेली सव्वा इंचाची लाकडी चकती कारागिराकडून मागून घेतली होती. तिला दोन भोके पाडून ती रायफलच्या पेटीत ठेवली आहे, म्हणजे मुलगा उंच झाल्यावर लांब स्क्रू घालून ती परत जोडता येईल.